फेसाळ लघवी, सुजलेले पाय आणि चेहऱ्याची क्रीम

किडनीचं काही निघालं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: ‘क्रिएटिनिन किती आहे?’ किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा हा एक टाकाऊ पदार्थ. आकडा एकच्या आसपास असला की घरचे निर्धास्त होतात. पाय मग सुजले असतील उभं राहून, चेहरा सुजला असेल जागरणाने, आणि लघवीला फेस येतोय तो उन्हाळ्यामुळे. या लेखात ज्या आजाराबद्दल लिहितोय तो याच निर्धास्तपणात महिनोन् महिने लपून राहतो. त्याचं नाव मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी. क्रिएटिनिन अगदी ठीक असताना यात रोज पाच-सात ग्रॅम प्रथिनं लघवीवाटे निघून जात असू शकतात.

लोकांच्या मनात किडनीचं चित्र बहुधा चहाच्या गाळणीचं असतं: वापरून वापरून जाळी तुंबली की गाळणं बंद. काही आजारांत तसं थोडंफार होतंही. इथे मात्र उलट घडतं. पाणी गाळलं जातंय, युरिया-क्रिएटिनिन बाहेर पडतंय, पण जे आत राहायला हवं तेही सोबत निसटतंय. ही गाळणी गळकी झालेली असते.

प्रत्येक किडनीत अशा साधारण दहा लाख गाळण्या असतात. एकेक म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता, मिलिमीटरच्या जेमतेम पाचव्या भागाएवढा. वैद्यकात त्याला ग्लोमेरुलस म्हणतात. दोन्ही किडन्यांतल्या गाळण्यांतून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळलं जातं. त्यातलं जवळजवळ सगळं पुढच्या नळ्या परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी उरते. एवढ्या पाण्याबरोबर रक्तातली प्रथिनं वाहून जात नाहीत याचं श्रेय तीन थरांना. पहिला थर रक्तवाहिनीच्या आतल्या पेशींचा, त्याला भोकं असतात. दुसरा पातळ पडद्याचा. तिसरा थर पडद्याला बाहेरून कवटाळून बसलेल्या पोडोसाइट नावाच्या पेशींचा. या पेशींना असंख्य पाय असतात, शेजारच्या पेशीच्या पायांत ते गुंतलेले असतात आणि दोन पायांमध्ये अतिशय अरुंद फट राहते. त्या फटीतही प्रथिनांचीच नाजूक जाळी असते.

पोडोसाइट ही सगळ्या गोष्टीतली कळीची पेशी. ती मेली तर तिच्या जागी दुसरी सहजासहजी तयार होत नाही, जन्मापासून जेवढ्या मिळाल्या जवळपास तेवढ्यांवरच भागवायचं असतं. किडनीचे डॉक्टर गळती थांबवायची एवढी घाई का करतात, ते यातून समजावं.

निरोगी माणसाच्या दिवसभराच्या लघवीत १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रथिनं सापडतात. हा आकडा साडेतीन ग्रॅमच्या वर गेला, अल्ब्युमिन हे रक्तातलं मुख्य प्रथिन घटलं आणि अंगावर सूज आली, की डॉक्टर त्या अवस्थेला नेफ्रोटिक सिंड्रोम म्हणतात. ही अवस्था झाली, आजार नव्हे. तिच्या मागे वेगवेगळे आजार असतात. लहान मुलांत बहुतेक वेळा ‘मिनिमल चेंज’ नावाचा, जो स्टेरॉइडला छान दाद देतो. मधुमेहींमध्ये बऱ्याचदा मधुमेहच. आणि मधुमेह नसलेल्या, चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या माणसांत मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीचा नंबर फार वर लागतो. तरुणांना होत नाही असं मात्र नाही, ते पुढे येईलच.

फेसाबद्दल एक गोष्ट आधी सांगून टाकतो. जोराने धार पडली की कुणाच्याही लघवीला फेस येतो, आणि संडासात टाकलेल्या क्लिनरमुळेही येतो. तो लगेच विरतो. साबणाच्या पाण्यासारखा बराच वेळ टिकणारा, रोज दिसणारा फेस असेल तर लघवीची साधी तपासणी करून घ्यावी. ती कुठल्याही लॅबमध्ये अगदी थोड्या पैशांत होते. त्यात प्रथिनं ‘दोन प्लस’, ‘तीन प्लस’ अशी आली तर पुढे प्रथिनं आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर मोजतात, किंवा चोवीस तासांची लघवी डब्यात साठवायला सांगतात.

गळती नेमकी कशामुळे लागते

इथे थोडं इतिहासात शिरू, कारण हे कोडं सुटायला अर्धशतक लागलं.

१९५०च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं, की या रुग्णांच्या गाळणीतला पडदा जाड झालेला असतो आणि चांदीच्या रंगाने रंगवला तर त्यावर बारीक बारीक खुंट उभे राहिलेले दिसतात. आजाराला नाव मिळालं ते या पडद्यावरूनच. १९५९ मध्ये वॉल्टर हेमन यांनी उंदरांमध्ये असाच आजार निर्माण करून दाखवला. त्यांना किडनीतल्याच पदार्थांची टोचणी दिली, तर उंदरांच्या शरीराने त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार केल्या आणि त्या स्वतःच्याच किडनीवर जाऊन बसल्या. उंदरात त्या कुठल्या प्रथिनाला चिकटतात तेही पुढे सापडलं. पण माणसाच्या पोडोसाइटवर ते प्रथिन नसतंच. माग तिथे संपला.

पुढचा धागा एका तान्ह्या बाळाने दिला. जन्मतःच मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी असलेल्या या बाळाचा शोधनिबंध २००२ मध्ये पॅरिसच्या हाना डेबिएक आणि पिएर रॉन्को यांच्या गटाने प्रसिद्ध केला. बाळाच्या आईच्या शरीरात एक विशिष्ट प्रथिन जन्मापासून नव्हतंच. पोटातल्या बाळात मात्र ते होतं, वडिलांकडून आलेलं. आईच्या शरीराला ते परकं वाटलं, तिने त्याविरुद्ध अँटिबॉडी बनवल्या, त्या वारेतून बाळाकडे गेल्या आणि बाळाच्या पोडोसाइटवर जाऊन चिकटल्या. असं प्रकरण फार दुर्मीळ. पण त्यातून एक गोष्ट पक्की झाली: माणसातही अँटिबॉडी थेट पोडोसाइटवरच्या प्रथिनाला धरतात. आता शोधायचं होतं ते नेहमीच्या, मोठ्या माणसांतल्या आजारातलं प्रथिन.

ते २००९ मध्ये बॉस्टनच्या लॉरेन्स बेक आणि डेव्हिड सॅलंट यांच्या गटाला मिळालं. त्यांनी निरोगी किडनीच्या गाळण्यांतली प्रथिनं वेगळी केली आणि त्यांवर रुग्णांच्या रक्तातला द्राव सोडून पाहिला. ३७ पैकी २६ रुग्णांच्या अँटिबॉडी एकाच प्रथिनावर जाऊन बसल्या. त्याचं लांबलचक नाव थोडक्यात पीएलए२आर असं लिहितात. आज आपल्या शहरांतल्या मोठ्या लॅबही ‘अँटी-पीएलए२आर’ ही रक्ततपासणी करून देतात, ती याच शोधातून आली.

म्हणजे घडतं ते असं. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच पोडोसाइटवरच्या प्रथिनाला शत्रू समजते. अँटिबॉडी पोडोसाइट आणि पडद्याच्या मध्ये साचत जातात. त्यांच्या मागून जंतू मारण्यासाठी असलेली ‘कॉम्प्लिमेंट’ नावाची रसायनं येतात आणि पोडोसाइटचा आतला सांगाडा मोडतात. एकमेकांत गुंतलेले पाय पसरट होतात, फटींतली जाळी विस्कटते आणि अल्ब्युमिन सुटतं. डिवचलेला पडदा त्या साठ्यांभोवती वाढू लागतो. सूक्ष्मदर्शकात दिसणारे खुंट ते हेच.

शरीराची अशी गफलत का होते? काही जनुकं असलेल्यांना धोका जास्त असतो हे २०११ पासून माहीत आहे, पण ती जनुकं असलेल्या बहुसंख्यांना आयुष्यभर काही होत नाही. हवेतल्या प्रदूषणाकडेही बोट दाखवलं जातं. चीनमध्ये ७१ हजारांहून जास्त बायोप्सी (तपासणीसाठी काढलेले किडनीचे बारीक तुकडे) तपासून २०१६ मध्ये छापलेल्या अभ्यासात हवेतली बारीक धूळ जिथे जास्त, तिथे हा आजार जास्त आढळला. पीएलए२आर फुफ्फुसातही असतं, त्यामुळे हा संबंध अगदीच हवेतला वाटत नाही. तरी एकत्र आढळणं म्हणजे कारण सिद्ध होणं नव्हे.

जेव्हा कारण बाहेर असतं

प्रत्येक रुग्णात पीएलए२आर सापडत नाही. मग डॉक्टर बाहेरचं कारण धुंडाळू लागतात: हिपॅटायटिस बी, तरुण बायकांमध्ये ल्युपस (संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार), सिफिलिस, वय जास्त असेल तर कुठे लपलेला कर्करोग. गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या हेही एक कारण. ही यादी पाठ्यपुस्तकात जुनीच आहे. त्यातलं एक नाव मात्र आपल्याकडे गेल्या काही वर्षांत एकदम ठळक झालं. ते म्हणजे पारा.

केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांना जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीचे २२ रुग्ण सापडले. त्यांतल्या १५ जणांच्या बायोप्सीत पीएलए२आर नव्हतं, नेल-१ नावाचं वेगळंच प्रथिन होतं. आणि त्या पंधरातल्या १३ जणांनी आजाराआधी गोरं करणारी क्रीम लावत असल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात २०२३च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तिघींची बातमी आली. तिघींना किडनीचा त्रास, तिघी एकच क्रीम वापरणाऱ्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ती क्रीम तपासली तेव्हा तिच्यात पाऱ्याचं प्रमाण बेसुमार निघालं.

पारा कशासाठी घालतात? त्वचेला रंग देणारं मेलॅनिन बनवायला एक एन्झाइम लागतं, ते पारा बंद पाडतो. काही आठवड्यांत चेहरा उजळतो, फरक खरोखर दिसतो, आणि म्हणूनच क्रीम खपते. तोच पारा त्वचेतून रक्तात उतरतो आणि किडनीत साठतो. हे काही आजचं ज्ञान नाही. केनियाची राजधानी नैरोबी इथे १९७२ मध्येच नेफ्रोटिक सिंड्रोमच्या ६० प्रौढ रुग्णांचा अभ्यास छापून आला होता. त्यांतले निम्म्याहून जास्त जण पारायुक्त क्रीम लावणारे होते. पन्नास वर्षं झाली, डबीवरचं नाव तेवढं बदललं.

भारताच्या २०२०च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे क्रीममध्ये पारा मुद्दाम घालता येत नाही. नकळत आलाच तर दहा लाख भागांत एका भागाची मर्यादा आहे, डोळ्यांच्या प्रसाधनांसाठी ती ७० भागांची. पण नियम लागू होतो तो लेबल असलेल्या, बनवणाऱ्याचा पत्ता असलेल्या मालाला. पार्लरमध्ये मोठ्या डब्यातून छोट्या डबीत भरून मिळणारी ‘स्पेशल’ क्रीम, परदेशातून कुणीतरी आणलेली अगम्य लिपीतली ट्यूब, ऑनलाइन मागवलेला बिनपत्त्याचा ‘नाइट क्रीम’चा सेट, या गोष्टी कुणी तपासलेल्या नसतात. लग्नाच्या जाहिरातीत ‘गोरी’ हा शब्द अजून छापला जातो तोवर या डब्यांना गिऱ्हाईक कमी पडणार नाही, हे माझं मत. सरसकट सगळ्या फेअरनेस क्रीममध्ये पारा असतो, असं मात्र मी म्हणत नाहीये.

पाऱ्याचा दुसरा रस्ता तोंडातून जातो. दक्षिण भारतातल्या पॅथॉलॉजिस्टांनी २०२२ मध्ये दाखवून दिलं, की नेल-१ सापडलेल्या कित्येक रुग्णांनी पारंपरिक औषधं घेतलेली होती, आणि तपासलेल्या औषधांत पारा आढळला. आयुर्वेदातल्या रसशास्त्रात पारा शुद्ध करून वापरण्याची परंपरा आहे हे खरं. पण पुडीत जे आलंय ते कुणी, कसं आणि कितपत शुद्ध केलंय, हे घेणाऱ्याला कळायचा मार्ग नसतो. पुडी कागदात गुंडाळून दिली असेल आणि नाव विचारल्यावर ‘घरचं औषध आहे’ एवढंच उत्तर मिळत असेल, तर ती न घेतलेली बरी.

आणखी एक संशयित तर औषधाच्या दुकानातच मिळतो. हातापायांच्या मुंग्यांसाठी मधुमेहींना दिल्या जाणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत बी-१२ सोबत अल्फा लिपोइक ॲसिड असतं. नेल-१ची मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी त्यानेही झाल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत. लाखो लोक या गोळ्या घेतात आणि बहुतेकांना काही होत नाही, त्यामुळे घाबरून बंद करायचं कारण नाही. पण लघवीत प्रथिनं सापडली असतील तर ही पट्टी डॉक्टरांना दाखवायची. ‘ते काय, नुसतं व्हिटॅमिन’ म्हणून आपण ती सांगतच नाही.

क्रीमचीही तीच गत. ‘कुठली औषधं चालू आहेत?’ असं विचारलं तर बाई क्रीमचं नाव घेत नाही, कारण तिच्या लेखी ते औषध नसतं. सासूबाई शेजारी बसलेल्या असतील तर आणखीनच नाही. म्हणून हा प्रश्न एकट्यात, आणि ‘चेहऱ्याला काय लावता?’ इतक्या सरळ शब्दांत विचारायला हवा. पुरुषांनाही विचारावा, कारण लावणाऱ्यांत तेही असतात. डबी रिकामी झाली असली तरी तपासायला घेऊन जावी. कारण पारा असेल तर सुटका तुलनेने सोपी असते: क्रीम बंद केल्यावर आणि प्रथिनं कमी करणारी साधी गोळी दिल्यावर बहुतेकांची गळती काही महिन्यांत आटते, जड औषधांची वेळच येत नाही. कारण न शोधता थेट जड औषधं सुरू केली आणि क्रीमही चालू राहिली, तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. नेल-१ काही वेळा कर्करोगातही सापडतं, त्यामुळे क्रीम सापडली म्हणून वयस्कर माणसाच्या बाकीच्या तपासण्या टाळता येत नाहीत.

बायोप्सीची भीती

‘किडनीचा तुकडा काढणार’ हे ऐकून घरात रडारड होते. प्रत्यक्षात रुग्णाला पालथं झोपवून, पाठीची जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत बघत सुईने दोऱ्याएवढे बारीक एक-दोन तुकडे घेतात. त्यातल्या गाळण्या दहा-वीस, किडनीत आहेत दहा लाख. रक्तस्रावाचा थोडा धोका असतो, म्हणून रक्तदाब आधी आटोक्यात आणतात, रक्त पातळ करणारी औषधं थांबवतात आणि नंतर काही तास निजवून ठेवतात. लघवी एखाद-दोन वेळा लालसर होऊ शकते. आता रक्तात पीएलए२आरच्या अँटिबॉडी स्पष्ट सापडल्या आणि किडनीचं काम चांगलं चालू असेल, तर बऱ्याच रुग्णांत बायोप्सीशिवायही निदान करता येतं.

उपचार, आणि थांबण्याचं धाडस

या आजाराचं एक चमत्कारिक वैशिष्ट्य असं, की साधारण एक तृतीयांश लोक आपोआप बरे होतात. एक तृतीयांश लोकांची गळती चालू राहते पण किडनी टिकते, आणि उरलेल्यांची किडनी काही वर्षांत निकामी होऊ लागते. हा ढोबळ हिशोब जुना आहे, तरी अजून उपयोगी पडतो. म्हणून तब्येत फार बिघडलेली नसेल तर डॉक्टर सहा महिने थांबून पाहतात. नातेवाइकांना हे थांबणं म्हणजे टाळाटाळ वाटते. पण त्या काळात रक्तदाबाची आणि प्रथिनं कमी करणारी गोळी, सूज उतरवणारी गोळी, गरज पडली तर कोलेस्टेरॉलची गोळी हे सगळं चालू असतं. दर थोड्या दिवसांनी अँटिबॉडी आणि लघवीतली प्रथिनंही मोजली जातात.

खाण्यात सगळ्यात मोठी गोष्ट मीठ. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण, चटणी सगळं धरून. सैंधव खाल्लं तर चालतं ही समजूत चुकीची, तेही सोडियमच. ‘लो सोडियम’ मीठ तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणूच नये. त्यात पोटॅशियम असतं, आणि वर सांगितलेल्या गोळ्यांबरोबर ते रक्तात धोकादायक वाढू शकतं. प्रथिनं लघवीतून जातात म्हणून डबे आणून प्रोटीन पावडर पाजू नये, आणि डाळ-अंडी पूर्ण तोडूही नयेत. वजनाच्या दर किलोमागे ०.८ ते १ ग्रॅम एवढी प्रथिनं पुरतात.

एक धोका मात्र थांबायला वेळ देत नाही. अल्ब्युमिनबरोबर रक्त गोठू न देणारी प्रथिनंही लघवीतून निसटतात, त्यामुळे या आजारात शिरांमध्ये गुठळ्या होण्याचं प्रमाण इतर नेफ्रोटिक आजारांपेक्षा जास्त असतं. अल्ब्युमिन फारच खाली गेलं तर म्हणूनच रक्त पातळ करणारं औषध सुरू करतात. एकाच पायाला अचानक सूज आणि ठणका, एकाएकी धाप किंवा छातीत दुखणं, कमरेत कळ येऊन लाल लघवी, यांतलं काही झालं तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठायचं.

सहा महिन्यांत सुधारणा नसेल, किंवा आधीच तब्येत ढासळत असेल, तर संरक्षणव्यवस्थेला आवरणारी औषधं देतात. जुना आणि स्वस्त उपाय इटलीतल्या पोंटिचेली यांच्या नावाने ओळखला जातो: सहा महिने, आळीपाळीने एक महिना स्टेरॉइड आणि एक महिना सायक्लोफॉस्फमाइड. चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेने भारतीय रुग्णांवर त्याची चाचणी घेतली, दहा वर्षं त्यांचा पाठपुरावा केला आणि २००७ मध्ये छापलं, की त्याने किडनी जास्त काळ टिकते. तोटेही आहेत: जंतुसंसर्ग, रक्तातल्या पेशी घटणं, मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम. तरुण रुग्णांनी हे उपचाराआधी बोलून घ्यावं, लाजू नये. दुसरा उपाय रिटुक्सिमॅबचं इंजेक्शन. अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींचीच रसद ते तोडतं. २०१९ च्या १३० रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांनी रिटुक्सिमॅब घेतलेल्यांपैकी ६० टक्के आणि सायक्लोस्पोरिन हे संरक्षणव्यवस्था दाबणारं दुसरं औषध घेतलेल्यांपैकी २० टक्के रुग्ण सुधारलेल्या अवस्थेत होते. ते देण्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी करावीच लागते, कारण दबून बसलेला विषाणू त्यामुळे उसळू शकतो.

उपचार लागू पडला तरी फेस लगेच जात नाही, आणि इथे बरेच जण कंटाळून डॉक्टर बदलतात किंवा पुन्हा एखाद्या पुडीकडे वळतात. क्रम असा असतो: आधी रक्तातल्या अँटिबॉडी उतरतात, त्यानंतर काही महिन्यांनी लघवीतली प्रथिनं, आणि पूर्ण सुधारायला कधी कधी वर्ष-दीड वर्षही लागतं, कारण पोडोसाइटला आपले पाय पुन्हा जमवायला आणि पडद्याला ते साठे निस्तरायला वेळ लागतो. म्हणून प्रथिनांचा आकडा तीन महिन्यांत ‘तसाच’ दिसला, तर अँटिबॉडीचा आकडा काय म्हणतो ते विचारा. तो खाली येत असेल तर औषध काम करतंय. तो हलत नसेल, तर औषध बदलायचं का, हे बोलायची वेळ झाली.